डाएटचा बाजार आणि शेणव्याचे ताट

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराघरांत एकच वाद रंगला होता : दिवेकर की दीक्षित? आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडे थोडे खा, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचे आणि आपल्या मातीतले खा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच खा, कडक भूक लागेल तेव्हाच खा, ५५ मिनिटांच्या आत जेवण उरका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. त्यांच्या योजनेची मूळ कल्पना नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांची. लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, कचेरीतील जेवणाच्या सुट्टीत सर्वत्र हाच विषय. पुढे राज्य शासनाने डॉ. दीक्षितांना आपल्या स्थूलताविरोधी अभियानाचे सदिच्छादूत नेमले आणि वाद आणखी पेटला.

या वादात एक माणूस मात्र कुठेच नव्हता. तो म्हणजे शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडेचा माणूस. शेणवा, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यातील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आणि आमचा भूमिहीन बौद्ध शेतमजूर. 'दिवसातून दोनदाच खा' ही त्याच्यासाठी आरोग्याची योजना नव्हे, तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर लादलेला नियम आहे. भाताची लावणी संपली की कापणी येईपर्यंत हाताला काम नाही आणि कणगीत धान्य नाही. दिवाळीनंतर बायकापोरांसह वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. ज्या तालुक्यातील तानसा आणि भातसा धरणे मुंबईची तहान भागवतात, त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या माणसाला ५५ मिनिटांचे घड्याळ कोण दाखवणार?

असे असताना डाएटचा हा विषय धनदांडग्यांचे चोचले म्हणून आपण सोडून द्यावा काय? मुळीच नाही. वजन घटवण्याचे हे खूळ आता ठाणे-डोंबिवलीपुरते राहिलेले नाही. ते आसनगाव, वासिंदची रेल्वे स्थानके ओलांडून तालुक्याच्या गावांत पोहोचले आहे. आमच्या समाजातील शिक्षक, नर्सताई, एस.टी.चे वाहक, कारखान्यातील कामगार, शासकीय कचेरीतील कारकून ही आरक्षणामुळे आणि शिक्षणामुळे उभी राहिलेली पहिली-दुसरी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. पोट सुटले आहे, साखर वाढली आहे, गुडघे दुखत आहेत. विहारात वंदना आटोपली की बाहेर चपला घालता घालता कोणी मोबाईलवरचा सात दिवसांचा डाएट सांगतो, कोणी पावडरचा डबा विकतो, कोणी 'गोळ्या बंद कर, भात सोड' असा सल्ला देतो. चळवळीचा कार्यकर्ता या सल्ल्याला बळी पडत असेल, तर तो चळवळीचाही प्रश्न आहे.

प्रथम या डाएटमागचे विज्ञान पाहू. भात-भाकरी एकदम सोडली की पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोने खाली येतो आणि माणूस हरखतो. प्रत्यक्षात त्यातील बरेचसे वजन पाण्याचे असते. शरीर पिष्टमय पदार्थांचा साठा यकृतात आणि स्नायूंत करते. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपतो तसे पाणी निघून जाते, आणि पुन्हा जेवू लागताच परत येते. चरबी घटवण्यासाठी खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात जावी लागते आणि तसे महिनोन्‌महिने चालावे लागते. त्याला जवळची वाट नाही.

कोणत्या नावाच्या डाएटने ते जास्त होते? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला. निम्म्यांना कमी स्निग्ध आहार दिला, निम्म्यांना कमी पिष्टमय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने घटले आणि दुसऱ्याचे ६ किलोने. हा फरक नगण्य होता. दोन्ही गटांत काहींचे वजन पुष्कळ घटले, तर काहींचे उलट वाढले. ठराविक तासांतच खाण्याचा प्रयोग चीनमध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर झाला. २०२२ मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष सांगतो की रोजचा आहार तेवढाच कमी ठेवला, तर तासांच्या बंधनाने वजनात विशेष वेगळे काही घडत नाही. याचा अर्थ असा की ज्याला दोन वेळा जेवून कमी खाणे जमते त्याने तसे करावे, ज्याला तीन वेळा जेवून जमते त्याने तसे. नावात जादू नाही, मात्रेत आहे.

मग वजन कमी करणे निरर्थक आहे काय? तसेही नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये मधुमेहाच्या ३०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, काटेकोर आहार देऊन वजन घटवलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षभराने औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. ही मोठी गोष्ट आहे. परंतु त्या रुग्णांच्या औषधांवर दवाखान्याची देखरेख होती. नेमका हाच भाग आपल्याकडे गळून पडतो. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना जेवण टाळले, तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, भोवळ येते, माणूस बेशुद्ध पडतो, वेळेवर उपचार न मिळाल्यास दगावूही शकतो. रात्री दहा वाजता पाड्यावर असे घडले तर वाहन मिळवून शहापूरला पोहोचेपर्यंत काय होईल, याचा विचार मोबाईलवरचा सल्लागार करीत नाही.

बाजारातील इतर प्रकार तर याहूनही धोक्याचे. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास केवळ द्रवरूप प्रथिनांवर जगण्याचे खूळ पसरले, तेव्हा पन्नासहून अधिक माणसांच्या मृत्यूची नोंद झाली. आपल्याकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांत दुधी भोपळ्याच्या रसाचे खूळ आले. २०१० मध्ये दिल्लीत असा कडू रस प्याल्यानंतर मृत्यू घडला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीला सांगावे लागले की कडू लागणारा रस पिऊ नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला साधा आहे : आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन घटणे सुरक्षित, आणि वजन घटवण्याचा आहारही दिवसाला १००० कॅलरीच्या खाली नेऊ नये. 'महिन्यात दहा किलो' असे जो सांगतो, तो या सल्ल्याच्या चौपट-पाचपट वेगाने तुमचे शरीर ओरबाडायला निघाला आहे.

आता आपल्या समाजासाठी सर्वात महत्त्वाचा मुद्दा. मधुमेह आणि सुटलेले पोट हा केवळ खादाडपणाचा परिणाम आहे, असे डाएटवाले आपल्या मनावर ठसवतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. या बालकांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो. परंतु आमची ही किरकोळ बाळे चरबीच्या बाबतीत किरकोळ नव्हती. त्यांच्यात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. दिसायला बारीक, आतून स्थूल! पोटात असताना उपाशी राहिलेले शरीर चरबी धरून ठेवायला शिकते, आणि पुढे थोडे सुबत्तेचे दिवस येताच त्याला मधुमेह लवकर गाठतो.

बांधवांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. आज शहापूरच्या शासकीय कचेरीत बसणाऱ्या आमच्या माणसाच्या पोटाचा घेर हा त्याच्या आईच्या उपासमारीचाही हिशेब असू शकतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, नवऱ्याला आणि पोरांना वाढून उरलेले खाणाऱ्या त्या माउलीच्या भुकेची नोंद तिच्या लेकराच्या शरीरात झाली असेल, तर त्या लेकराला 'तुझा जिभेवर ताबा नाही' म्हणून हिणवणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. त्याला चालायला हवे, मात्रेत खायला हवे, साखर तपासायला हवी. मात्र लाज वाटून घेण्याचे त्याला काहीच कारण नाही.

म्हणूनच भुकेचा प्रश्न आणि स्थूलतेचा प्रश्न हे दोन वेगवेगळे प्रश्न नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १०० स्त्रियांपैकी सुमारे २१ कमी वजनाच्या, तर सुमारे २३ जास्त वजनाच्या होत्या. पाच वर्षांखालील १०० बालकांपैकी सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे ३६ कमी वजनाची होती. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच गावात, एका घरी वजन घटवण्याची पावडर आणि शेजारच्या पाड्यावर कमी वजनाचे मूल. १९९२-९३ मध्ये जव्हार भागातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तो भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणून कुपोषण पालघरला गेले आणि शहापूर-मुरबाड सुटले, असे समजण्याचे कारण नाही.

डाएटचे पुस्तक म्हणते, भात सोडा, डाळ, अंडी, पनीर, मासे, सुकामेवा खा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. धान्य म्हणजे तांदूळ आणि गहू. २०२३ पासून ते मोफत आहे, आणि ते मिळालेच पाहिजे. परंतु शासन गरिबाच्या ताटात पिष्टमय पदार्थच वाढते आणि नंतर त्यालाच सांगते की तुझा आहार संतुलित नाही, ही क्रूर थट्टा नव्हे काय? भात सोडून तो काय खाणार? ज्या डोंगरात नाचणी, वरई, उडीद, खुरासणी पिकत होती, पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुरडू, करटोली मिळत होती, ओहोळात मासे आणि खेकडे मिळत होते, तिथे आता रेशनचा पांढरा तांदूळ आणि पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे आली आहेत. एकीकडे प्रथिने नाहीत, दुसरीकडे तेल-मीठ-साखर भरपूर. अशा ताटातून बालपणी कुपोषण आणि पन्नाशीत मधुमेह दोन्ही निपजतात.

या ताटात स्वस्तातले आणि सकस असे काय वाढता येईल? अंडे! अनुसूचित क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस आहार देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये बालकांना अंडी आणि अंडी न खाणाऱ्यांना केळी देण्याचे ठरले. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील शाळांच्या मध्यान्ह भोजनातही आठवड्याला एक अंडे आले. त्यावरही धार्मिक आक्षेप घेतले गेले. आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने शालेय अंड्यासाठीचा निधीच बंद केला, हवे असल्यास लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितले. शेणव्याच्या पाड्यावर कोणाकडून लोकवर्गणी गोळा करणार? ज्यांच्या घरी प्रथिनांच्या पावडरीचे डबे आहेत त्यांच्या सात्त्विकतेसाठी आदिवासी पोराच्या ताटातले अंडे जाते, हा निव्वळ आहारशास्त्राचा विषय नाही. कोणी काय खावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा तो जुनाच प्रश्न आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे-शिळे नाकारायला सांगितले, ते पोट कमी करण्यासाठी नव्हे, तर माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी. आमच्या ताटाला प्रतिष्ठा तिथून मिळाली. ती वरच्यांनी ठरवलेल्या सोवळ्याच्या हवाली करता येणार नाही.

वकील म्हणून कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि स्थूलता हे दोन्ही आहेत. हे आजार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास या कायद्याने बंदी आहे. पावडरवाले यातून सुटण्यासाठी म्हणतात की आमचे औषध नाही, अन्न आहे. ठीक आहे. मग अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ चे कलम ५३ लागू होते. अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 'तू चार माणसे जोड, ती आणखी चार जोडतील' अशी साखळी असेल, तर २०२१ चे थेट विक्रीचे नियम पिरॅमिड योजनांना मनाई करतात. आणि वैद्यकीय नोंदणी नसलेला कोणी तुमच्या गोळ्या ठरवू वा बंद करू लागला, तर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा, १९६१ चे कलम ३३ आहेच. पावती मागा, डब्यावरील परवाना क्रमांक पाहा, दावा लेखी द्या म्हणा. निम्मे विक्रेते तिथेच गप्प होतील.

दुसरीकडे अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ४ गरोदर आणि स्तनदा मातेला, कलम ५ बालकाला आहाराचा हक्क देते, आणि अनुसूची २ त्या आहाराचे पोषणमूल्य ठरवते. कलम ८ सांगते की हे धान्य अथवा आहार मिळाला नाही, तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागेल. ही मेहेरबानी नव्हे. पी.यु.सी.एल.ने २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून मिळालेल्या आदेशांचा आणि लोकलढ्याचा तो परिपाक आहे. अंगणवाडीत आहार आला नाही तर तोंडी भांडू नका. तारखेसह लेखी तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा, ग्रामसभेत ठराव घ्या.

तथागतांचा धम्म या विषयावर काय सांगतो? सिद्धार्थाने उरुवेलेत शरीर झिजवून पाहिले आणि देहदंडाचा मार्ग सोडून दिला. दुसरे टोकही त्यांना ठाऊक होते. संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. राजा भरपेट जेवून धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही, अमुक पदार्थ निषिद्ध आहे असेही सांगितले नाही. भोजनाची मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि वार्धक्य सावकाश येते, अशा आशयाची एक गाथा सांगितली. सुदर्शन नावाच्या तरुणाने ती पाठ करून राजाच्या जेवणाच्या वेळी रोज म्हणायची, एवढेच ठरले. राजा हळूहळू मात्रेवर आला आणि सडपातळ झाला. भिक्षूंच्या विकाल-भोजनाच्या नियमाचा हवाला देऊन कोणी डाएट विकू लागला, तर त्याला सांगा की आजारी भिक्षूसाठी विनयात तूप, लोणी, तेल, मध, गूळ यांची सवलत होती. वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्या मधुमेही उपासक-उपासिकांनीही आधी डॉक्टरांना विचारूनच उपोसथ करावा. त्याने शील भंगत नाही. स्वतः बाबासाहेबांनी अखेरची वर्षे मधुमेहाशी झुंजत काढली, इन्सुलिन घेतले आणि त्याच अवस्थेत संविधानाचा मसुदा आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पूर्ण केला. देह हे चळवळीचे साधन आहे, तो सांभाळलाच पाहिजे, हे यातून शिकायचे.

तेव्हा करायचे काय? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ताटातला भात सोडू नये, कमी करावा, आणि त्या जागी डाळ, अंडे, सुकट, पालेभाजी, नाचणीची भाकरी आणावी. साखरेचा चहा आणि पाकिटातले खाणे कमी करावे. रोज पाऊण तास चालावे, त्याला कोणाचे शुल्क नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही डाएट करू नये. विहार समित्यांनी पौर्णिमेच्या कार्यक्रमात साखर आणि रक्तदाब तपासणी ठेवावी, पावडरच्या डब्यांची विक्री विहाराच्या आवारात होऊ देऊ नये.

आणि ज्याचे पोट भरले आहे अशा आपल्यातील प्रत्येकाने एक हिशेब करावा. वजन घटवण्यासाठी महिन्याला जो पैसा बाजाराला जातो, तो थांबवून निदान आपल्या गावच्या अंगणवाडीत आहार येतो की नाही, मुलांची वजने खरोखर घेतली जातात की नाही, हे पाहायला महिन्यातून एक दिवस द्यावा. आज त्या पाड्यावर गरोदर असलेल्या आईच्या ताटात पुरेसे पडले, तर तिच्या पोटचे मूल उद्या कुपोषित राहणार नाही आणि पन्नाशीत मधुमेही होण्याचा त्याचा धोकाही कमी होईल. यापेक्षा परिणामकारक डाएट अद्याप कोणी शोधलेला नाही. जयभीम!